समुद्रावरचा ढावलो

लहान बहिणीच्या लग्नाले मी एकटी गेली, आन खरं सांगायचं तर लग्न पाहाले गेलीच नव्हती. तिनं माझ्या गळ्यात पडून रडावं, याच्यासाठी गेलती. कोणाले हसू येत असंन तर हसून घ्या. बल्लारशाहून गाडीत बसून, पाठ मोडून घेत, पार केरळातल्या समुद्रापर्यंत ही बाई कायले गेली, तर बहिणीचं रडणं ऐकाले.

आम्ही गोर. बाकीचे लोक बंजारा म्हणतात. पांढरकवड्याच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की आमचा तांडा लागते. आमच्यात पोरगी सासरी निघाली की ढावलो म्हणते. म्हणजे एकेकाच्या गळ्यात पडते आन सुरात रडते. याडीच्या गळ्यात पडून याडीचं म्हणते, याडी म्हणजे आई. मंग बापाचं, भावाचं, गोठ्यातल्या गाईचं, पाण्याले जायच्या वाटेचंही म्हणते. हे रडणं आपसूक येत नाही, शिकवा लागते. लग्न ठरलं की तांड्यातल्या जाणत्या बाया नवरीले रोज संध्याकाळी घेऊन बसतात. सूर कुठं वर न्यायचा, दम कुठं तोडायचा, कोणाच्या गळ्यात काय म्हणायचं, सगळं सांगतात. पयले काही दिवस पोट्टी नुसती हसते. मंग एका संध्याकाळी तिचा आवाज फाटते, तिचं तिलेच समजत नाही काय होऊन राह्यलं ते, आन बाया एकमेकींकडं पाहून मान हलवतात. म्हणजे आता पोरगी तयार झाली.

जिनं ढावलो म्हटला नाही ती आमच्या लेखी सासरी गेलीच नाही. ती नुसती दिसेनाशी झाली.

माझ्या लग्नात मी अशी रडली की आजही तांड्यातले लोक आठवण काढतात. तेव्हा बहीण याडीच्या कडेवर होती, नुकती चालाले लागलेली. माझा ढावलो ऐकून तिनं असं भोकाड पसरलं की कोणाच्यानं गप होईना. तोंडात गुळाचा खडा दिला तर तो थुंकून रडे. लोक हसत होते, मी रडत होती, वरातीतले पोरं कंटाळले होते.

पुढं काही वर्षांत याडी गेली. बहीण दुसरीत होती. घरी बा आन बकऱ्या. मी पोरीले माझ्याकडं पांढरकवड्याले आणलं, पण माझी एसटीत कंडक्टरची नवी-नवी नोकरी, नवरा ट्रकवर, घरी पोरीजवळ कोण थांबंन? म्हणून यवतमाळले मुलींच्या वसतिगृहात टाकली. सुट्टीत माझ्याकडं यायची. तिचे कपडे मी घ्यायची, केसातल्या उवा मी काढायची, पयल्यांदा पाळी आली तेव्हा डेपोत फोन माझ्या नावानं आलता. आता सांगा, याडी कोण झाली? मीच ना? म्हणून माझं एकच म्हणणं होतं. तिच्या लग्नात याडीचा गळा माझा असंन. दुसरं मले काही नको होतं, साडी नको, मान नको, आहेर नको.

पोट्टी हुशार निघाली. इंजिनियर झाली, पुण्याले कम्प्युटरवर नोकरी लागली. मंग घरून काम सुरू झालं, आन घर म्हणजे कुठंही असू शकते हे तिच्या ध्यानात आलं. मैत्रिणींसंगं चार दिवस समुद्रावर फिराले गेली ते तिकडचीच झाली. एक दिवस फोनवर म्हणते, बाई, मी सर्फिंग शिकते. आमच्यात मोठ्या बहिणीले बाई म्हणतात. मी म्हटलं, ते काय असते? म्हणते, फळी घेऊन समुद्रात जायचं, लाट आली की फळीवर उभं राहायचं. मी म्हटलं, मंग? मंग लाटेवरून किनाऱ्यावर यायचं. मी म्हटलं, अवं, किनाऱ्यावरच होती ना तू, मंग गेली कायले?

ती इतकी हसली की फोन कट झाला.

तिले फळीवर उभं राहाले शिकवणारा पोरगा तिथल्याच कोळ्याचा. सर्फिंगची शाळा चालवते. त्याच्याशीच लग्न करते म्हणली. मी बाले सांगाले तांड्यात गेली. बा खाटेवर बसून दोरी वळत होता. त्यानं एकच विचारलं, "कोर हाय का?" कोर म्हणजे जो गोर नाही तो. मी म्हटलं, "हाव." तो म्हणला, "मंग मले काहून सांगते?" आन उठून बकऱ्यांकडं गेला. मी निघाली तेव्हा मात्र पेटीतून याडीचा फेटिया आन कांचळी, म्हणजे चोळी, काढून आणली. फेटिया म्हणजे आमचा घागरा, आरशांचा, कवड्यांचा, हातात घेतला तर मनगट दुखते एवढा जड. माझ्याकडं न पाहता म्हणला, "तिले दे." संगं मात्र आला नाही. नवऱ्याचा ट्रक हैदराबादच्या वाटेवर अडकलेला. म्हणून मी एकटी. लग्नाच्या आठेक दिवस आधीच निघाली. मनात हिशोब पक्का होता, पोरीले शिकवाले तेवढे दिवस पुरे.

ते गाव म्हणजे काय सांगू तुम्हाले! लाल मातीचा उंच कडा, खाली समुद्र, वर नारळ, आन कोणालेच कसली घाई नाही. मी जिंदगीभर "चला, पुढं सरका, सरका पुढं" म्हणत आली, आन तिथं कोणी सरकूनच नाही राह्यलं. रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलेलं, रिक्षावाला हॉर्न न वाजवता त्याच्या बाजूनं रिक्षा काढते. चहा सांगतला तर चहावाला आधी समुद्राकडं पाहते. लाट चांगली असंन तर दुकान तसंच उघडं टाकून फळी घेऊन पाण्यात. गिऱ्हाइकानं बसावं, नाहीतर स्वतः करून घ्यावा. परदेशातल्या एका गोऱ्या बाईनं मलेच चहा करून देला. गल्लीगल्लीत भिंतींले फळ्या टेकवलेल्या, माणसाहून उंच. मले वाटलं, कोणाच्या तरी घराचे दरवाजे काढून ठेवले.

बहीण स्टेशनवर घ्याले आली ते अनवाणी. केस खाऱ्या पाण्यानं तांबूस झालेले, अंग काळंभोर, डोळे मात्र असे हसरे की मी पाहतच राह्यली. मी म्हटलं, "चप्पल कुठं हाय?" ती म्हणली, "इथे नाही लागत गं, बाई." आम्ही दोघी एकमेकींशी लहानपणापासून आमची तांड्यातली बोली, गोरमाटी, बोलत आलो. तिथं ती माझ्याशी पुण्याची मराठी बोलाले लागली. तिच्या ध्यानातही आलं नसंन. एका हातानं मले जवळ घेतलं, दुसऱ्या हातानं माझी बॅग उचलली, आन चालाले लागली.

पोरगा चांगला निघाला, हीच तर पंचाईत झाली. वाईट असता तर मी कंबर कसून भांडली असती, त्यात माझा हातखंडा हाय. हा बिचारा उंच, लाजाळू, मले वाकून नमस्कार केला, आन आमच्या भाषेतला एकच शब्द पाठ करून ठेवलेला, बाई. सकाळी "बाई, चाय." दुपारी "बाई, फिश." त्याची आई बाजारात मासे विकाची. बुटकी, कमी बोलणारी. आमच्या दोघींत एकही शब्द सारखा नव्हता. ती माझ्या ताटात मासा वाढे, मी तिच्या ताटात घरून नेलेला चिवडा वाढे, आन दोघीही मुकाट खाऊन घेत असू.

सकाळी सकाळी पोरगा शिकाऊ लोकायले वाळूवर घेऊन बसे. सगळे आपापल्या फळीवर पालथे पडलेले, कोरड्या वाळूत हात मारून राह्यले, आन यानं आवाज दिला की टुणकन उभे. मी पयल्या दिवशी म्हटलं, "बाप्पा, पाणी तिकडं हाय, याईले सांगा कोणीतरी." बहिणीनं समजावलं, आधी कोरड्यात जमलं पाहिजे, मगच पाण्यात. मी म्हटलं, बरं झालं तूच बोलली. आता चाल, बस माझ्यासमोर. तुझंही कोरड्यात करून घेऊ.

ती बसली, नाही म्हणली नाही. ओट्यावर पाय दुमडून बसली आन बाजूले फोन रेकॉर्डिंगले लावला. मी याडीचा ढावलो म्हटला, सुरुवातीपासून, जसा मले तांड्यातल्या बायायनं शिकवला तसा. म्हणून झाला तर पोट्टी म्हणते, "बाई, किती सुंदर आहे गं हे. हे जपून ठेवायला पाहिजे."

मी म्हटलं, "जपून ठेवू नको. म्हण."

तिनं म्हटला. बाप्पा, काय गळा! याडीचा गळा आलेला तिच्याकडं, सूर कुठं हलत नव्हता, शब्द एक चुकला नाही. पण कोरडा ठक्क. शाळेत प्रार्थना म्हणावी तसा. दुसऱ्या दिवशी बसवली, तिसऱ्या दिवशी बसवली. मी रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं. एक दिवस म्हटलं, "डोळे मीट आन याडीचा चेहरा आठव."

तिनं खरंच डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच होती. मंग म्हणली, "मला याडीचा चेहरा नाही आठवत, बाई. तुझाच येतो."

हे ऐकून मले खूश व्हायले पाहिजे होतं, पण माझं डोकं हे असं. मी म्हटलं, "मंग माझा आठव आन रड!"

"तू तर समोर बसलीयेस," ती हसत म्हणली. "कशी रडू?"

तिच्या हसण्याचा मले राग आला आन जीवही तुटला. मनात म्हटलं, लग्नाच्या दिवशी होईन. आमच्यात नाहीतरी नवरी आपणहून सुरू करत नाही. वडीलधारी बाई जवळ जाते, गळ्यात हात टाकते, पयली ओळ देते, आन पोरगी ती उचलते. कितीही हसरी पोट्टी असली तरी पयली ओळ कानात पडली की तिचा बांध फुटते. मी किती पाहिल्या असतीन अशा! माझाही तसाच फुटलता.

लग्न सकाळी कचेरीत झालं, सह्या झाल्या, पेढे वाटले. संध्याकाळी वाळूवर जेवण. सूर्य अजून वर होता. गावातले लोक, फळीवाले पोट्टे, देशोदेशीचे गोरे, सगळे अनवाणी, कोणी नव्या कपड्यात तर कोणी आताच पाण्यातून निघालेलं. मी मोठ्या पातेल्यात गुळाची लापशी केलती, ती चाटूनपुसून संपली. बहिणीनं याडीचा फेटिया घातला होता. ती चालत आली तेव्हा कवड्या वाजल्या, आन लोकायनं टाळ्या वाजवल्या. मले मात्र याडीच चालत येऊन राह्यली असं वाटलं. तिनं गोल फिरून दाखवलं. सगळ्यायनं फोटो काढले.

जेवणं झाली. ती या घोळक्यातून त्या घोळक्यात हसत फिरत होती, कोणाले पाणी, कोणाले केळं. मी वाट पाहून राह्यलती. पाहता पाहता ऊन उतरलं, लोक उठाले लागले. मले धडकी भरली. म्हटलं, हे असंच संपून जाईन. कोणी काही म्हणणार नाही, पोट्टी हात धुवून नवऱ्याच्या घरात शिरंन, आन झालं. माझ्या बहिणीचं घर सुटलं हे जगात कोणालेच समजणार नाही.

ती पाण्याच्या काठाशी उभी होती, लाटा पायावर घेत. मी गेली, तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, डोळे मिटले आन पयली ओळ सोडली.

माझा आवाज तुम्ही ऐकला नाही. भरल्या गाडीत मागच्या सीटवर कोणी तिकीट न काढता बसलं आन मी पुढून हाक मारली, तर खिडक्यांच्या काचा थरथरतात. तो आवाज मी याडीच्या नावानं समुद्राकडं तोंड करून सोडला. दुसरी ओळ त्याहून वर नेली. मले वाटलं आता उचलंन, आता उचलंन. तिसरी मीच म्हटली. मले रडू आवरत नव्हतं. याडीचं, माझं, तिचं, सगळ्यायचं एकदमच आलं.

मधी कुठंतरी जेवणाच्या जागी स्पीकरवर लावलेली गाणी बंद पडली. मंग आरडाओरडा, शिट्टी, वाळूवरून धावणारे पाय. मी म्हणतच होती. शेवटी बहिणीनं माझे खांदे धरून गदागदा हलवले. "बाई! थांब! थांब ना! लोकांना वाटतंय कोणीतरी बुडालं!"

मी डोळे उघडले. सगळे पोट्टे फळ्या घेऊन पाण्यात घुसलते. काही लग्नाच्या सदऱ्यानिशी. नवरदेव सगळ्यायच्या पुढं, लाटा फोडत, मान वर करून इकडंतिकडं पाहत, पुन्हा बुडी मारत. किनाऱ्यावर बाया आपापल्या लेकरायची नावं घेऊन हाका मारून राह्यलत्या. कोणी लेकरं मोजत होतं. त्या गावात बाई समुद्राकडं तोंड करून अशी ओरडली म्हणजे एकच गोष्ट. मले काय माहीत! आमच्या तांड्यात समुद्र हाय का?

पोराची आई मट्‌कन वाळूत बसली होती, दोन्ही हात डोक्याले लावून. माझ्याकडं पाहतही नव्हती. पाण्याकडं पाहत होती, आन एकेक पोट्टा बाहेर आला की त्याचं नाव घेत होती. स्वतःचा आला तेव्हाच तिनं हात खाली घेतले. तिचा नवरा बोट घेऊन गेलता तो परत आला नव्हता, हे मले मागाहून समजलं.

मंग माझ्या बहिणीनं काय केलं? ती एकेका माणसाजवळ गेली, हात जोडले, आन माफी मागितली. कोणाची इंग्रजीत, कोणाची त्यायच्या भाषेत. याडीचा फेटिया पायाशी ओला झालेला, त्याले वाळू चिकटलेली, आन ती माझ्यासाठी माफी मागत फिरत होती. आमच्याकडं असं गाणं असते, माझ्या बहिणीले माहीत नव्हतं, सॉरी, सॉरी. लोक चांगले, कोणी वाकडं बोललं नाही. एक गोरी येऊन मले म्हणली, ब्युटिफुल. नवरदेव नखशिखांत भिजून आला, धापा टाकत, आन मलेच विचारते, "बाई, ओके?" त्याच्या आईनं कुठून तरी टॉवेल आणला आन माझ्या खांद्यावर घातला. मी कोरडीच होती. पण तिनं घातला, आन तो नीट ओढून घेतला. त्या वेळी जमिनीनं मले पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी. बहीण स्टेशनवर सोडाले आली. मी रिक्षात तोंड फुगवून बसली होती. प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसलो. तिनं केळ्याचे वेफर्स आणून माझ्या पिशवीत कोंबले, पाण्याची बाटली भरून आणली, चादर वर काढून ठेवली. शेवटी माझ्याच्यानं राहावलं नाही.

मी म्हटलं, "लोकायपुढं तुले लाज वाटली ते राहू दे. चूक माझीच. पण एक सांग. तुले माझ्यासाठी काही वाटत नाही का? एक टिपूस नाही? याडी मेल्यावर मी काय केलं नाही तुझ्यासाठी?"

ती रुळांकडं पाहत होती. मंग गोरमाटीत बोलली. मी तिथं आली तेव्हापासून पयल्यांदाच.

"बाई, माझं रडून झालं."

"कवा?"

"तू वसतिगृहात सोडलं तेव्हा."

ती सांगाले लागली, आन सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. भाजी काय आणली ते सांगावं तसा. म्हणली, "तुले ड्यूटी होती. तू मॅडमजवळ माझी पेटी देली, रविवारी येतो म्हणली आन पळत गेली. मले वाटलं, पोरगी घरून जाते तेव्हा ढावलो म्हणतात ना, मंग मले म्हणा लागंन. तुझ्या लग्नातला थोडा थोडा ध्यानात होता. बाया बसवून शिकवतात हे कुठं माहीत होतं! मी पाण्याच्या टाकीमागं गेली आन जसा येईन तसा म्हटला. याडीचा म्हटला, बाचा म्हटला. बकऱ्यांचा म्हटला. मंग तुझा. रोज संध्याकाळी जायची. पोरी हसायच्या. मंग त्याईनं हसणं सोडलं."

मी म्हटलं, "आन?"

"मंग एक दिवस टाकीमागं गेली, उभी राह्यली, आन रडूच आलं नाही. किती केलं तरी नाही. मले वाटलं, झालं. आता मी गेली."

स्टेशनात गाडीची अनाउन्समेंट होऊन राह्यली होती. मी असा येडा प्रश्न विचारला की आताही आठवला तर अंगावर काटा येते. म्हटलं, "कोणाच्या गळ्यात पडली मंग?"

"कोणाच्या?" ती म्हणली. "तिथं कोण होतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, उणं काढणं नव्हतं. उलट माझा हात हातात घेऊन चोळत होती, लहान लेकराचा चोळतात तसा. म्हणली, "बाई, मी इथं सासरी नाही आली. मले सासर-माहेर काही कळत नाही. मी कुठूनच नाही आली. म्हणून मले हे गाव बरं वाटते. इथं कोणी विचारत नाही." गाडी आली. तिनं मले चढवलं, बॅग सीटखाली सरकवली, बाजूच्या माणसाले इंग्रजीत सांगतलं की माझ्या बहिणीकडं लक्ष द्या. आयुष्यभर मी लोकायले गाडीत चढवलं, त्या दिवशी मले चढवणारी ती. गाडी हलली तेव्हा ती हसत होती. छान हसत होती, खोटं नव्हतं ते.

मी खिडकीशी बसून रडली. पण ते साधं रडणं. त्याले ना सूर, ना ओळ. बाजूच्यानं घाबरून पाणी देलं.

पांढरकवड्याले आल्यावर दोन दिवस ड्यूटी केली आन मंग तांड्यात गेली. बा खाटेवर होता. मी लग्नाचं सांगाले बसली. पोरगा कसा, घर कसं, समुद्र केवढा. त्यानं काहीच ऐकलं नाही. मोबाईलवरचे फोटो दाखवले, त्यानं फेटियाच्या फोटोवर बोट ठेवलं आन उचललं. मंग मान खाली घालून विचारलं, "रडली का?"

मी म्हटलं, "रडली, बा. लय रडली."

"याडीचं म्हटलं?"

"हाव. तुमचंही म्हटलं. बकऱ्यांचंही."

त्यानं खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला. मी त्याले कवा रडताना पाहिलं नव्हतं, याडी गेली तेव्हाही नाही. पंच्याच्या आतून विचारलं, "कोणाच्या गळ्यात?"

मी म्हटलं, "माझ्या."

"मंग गेली," तो म्हणला. "नीट गेली पोरगी."

मी हाव म्हटलं. बाले मी एवढंच एक खोटं सांगतलं. बाकी सगळं खरं होतं. ती रडली होती, याडीचं, त्याचं, बकऱ्यांचं म्हणून रोज रडली होती. फक्त जिच्या गळ्यात पडायचं, ती तेव्हा दारव्हा रोडवर भरल्या गाडीत उभी राहून तिकिटं फाडत होती.